मुतखड्याची तपासणी: कोणती, कधी, कशासाठी

कंबरेच्या एका बाजूला उठलेली कळ कुशीतून जांघेत उतरली, बसवेना, पडवेना, मळमळू लागलं, की घरातली म्हातारी माणसंसुद्धा सांगतात, मुतखडा असेल. बहुतेकदा ते खरंही निघतं. पण खडा केवढा, कुठे, आणि त्याने लघवीची वाट अडवली आहे का, हे तपासल्याशिवाय कळत नाही. त्यातही वाट अडली आहे का, हा प्रश्न सर्वांत मोठा.

चिखली-खामगाव रस्त्यावरच्या अमडापूर गावाचंच उदाहरण घेऊ. पहिली तपासणी गावातल्या दवाखान्यातच होते. डॉक्टर पोट आणि कंबर चाचपतात, ताप पाहतात, कळ शमवणारं इंजेक्शन देतात. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल, तर ते इंजेक्शन घेण्याआधी आवर्जून सांगा. त्यातली काही औषधं मूत्रपिंडावर ताण आणतात. मग लघवीची तपासणी. सुरुवातीची थोडी धार सोडून मधली धार स्वच्छ डबीत धरायची. तीत रक्तपेशी दिसल्या, तर खड्याचा संशय बळावतो. न दिसल्या, तरी खडा नाही असं ठरत नाही. पू-पेशी जास्त असतील, तर जंतुसंसर्गाचा शोध घ्यावा लागतो. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाचं काम कसं चाललं आहे ते समजतं.

सोनोग्राफी यंत्र गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४च्या कायद्याखाली नोंदणी झालेल्या केंद्रातच वापरता येतं. त्यामुळे डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन चिखली, खामगाव किंवा बुलढाणा गाठावं लागू शकतं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत; आधी तिथे चौकशी करावी.

सोनोग्राफीला जाताना लघवी तुंबवून यायला सांगतात, त्याला कारण आहे. मूत्रवाहिनी जिथे मूत्राशयात उघडते, ती जागा अरुंद. खडा तिथेच वारंवार अडकतो. मूत्राशय पाण्याने भरलेलं असलं, की ध्वनिलहरी त्यातून सहज जातात आणि मागचा खडा दिसतो. घरूनच भरपूर पाणी पिऊन बसमध्ये धक्के खात येऊ नका. केंद्रावर पोचून नंबर लावा, मग चार-पाच ग्लास प्या.

रिपोर्टमध्ये सगळ्यांची नजर आधी मिलिमीटरवर जाते. ५ मिमीपर्यंतचे बरेच खडे आपोआप पडतात, १० मिमीच्या वरचे क्वचित. पण माझ्या मते पहिल्यांदा ‘हायड्रोनेफ्रोसिस’ हा शब्द शोधावा. मूत्रपिंडाला सूज आहे, असा त्याचा अर्थ, आणि खडा असताना ती बहुधा लघवी अडल्यामुळे येते. मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा सोनोग्राफीत निसटू शकतो, एक्स-रेत युरिक आम्लाचा खडा सहसा दिसत नाही. अशा वेळी साधा सीटी स्कॅन करतात. त्याला शिरेतून रंगद्रव्य लागत नाही. गरोदर बाईला मात्र आधी सोनोग्राफीच, म्हणून गरोदरपणाची शंकासुद्धा सांगावी.

खड्यासोबत थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, किंवा एकच मूत्रपिंड असून कळ उठली, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्यावं.

हुलग्याचं पाणी किंवा पानफुटीचा पाला घेतला आणि दुखणं थांबलं, म्हणून पुन्हा तपासायला न जाणारे पुष्कळ आहेत. इथेच खरा धोका आहे. वाट अडलेली असतानाही कळ शमू शकते, आणि मूत्रपिंड आतल्या आत खराब होत राहतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला दुसरी सोनोग्राफी कराच, दुखत नसलं तरी.

दरम्यान लघवी बारीक गाळणीतून गाळावी. खडा सापडला, तर धुऊन, कोरडा करून डबीत ठेवावा आणि डॉक्टरांकडे न्यावा. प्रयोगशाळेत त्याचं पृथक्करण होतं. युरिक आम्लाचा निघाला, तर तो औषधाने विरघळवता येतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा विरघळत नाही, तिथे पाणी वाढवणं आणि मीठ कमी करणं यावर भर देतात.