रिचमंडचे वार्तापत्र : पराभूतांनी लिहिलेला इतिहास

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याची राजधानी असलेले रिचमंड हे शहर १८६१ च्या मे महिन्यापासून १८६५ च्या एप्रिलपर्यंत एका निराळ्याच राष्ट्राची राजधानी होते, आणि ते राष्ट्र कशासाठी जन्माला आले या प्रश्नावर येथे अजूनही एकमत झालेले नाही. अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघालेल्या ११ दक्षिणी राज्यांनी 'कॉन्फेडरसी' या नावाने स्वतंत्र महासंघ स्थापन केला, जेफर्सन डेव्हिस यांना अध्यक्ष नेमले आणि चार वर्षे युद्ध केले. त्या युद्धात दोन्ही बाजू मिळून सुमारे सहा लाख वीस हजार सैनिक मृत्युमुखी पडले असे मानले जाते, तर अलीकडील काही अभ्यासक हा आकडा साडेसात लाखांपर्यंत नेतात. युद्धाचे कारण गुलामगिरी होते, हे आज बहुतेक सर्व इतिहासकार मान्य करतात. तरीही दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या असे शिकवले गेले की, लढा होता तो 'राज्यांच्या अधिकारां'साठी, म्हणजे मध्यवर्ती सरकारच्या हस्तक्षेपाविरुद्ध घटक राज्यांना आपापला कारभार ठरवता यावा यासाठी.

या शिकवणुकीची परीक्षा घेण्यासाठी फुटीर राज्यांचीच कागदपत्रे पुरेशी आहेत. गुलामगिरी ज्या प्रांतांत नाही तेथे ती पसरू देणार नाही, मात्र जेथे आहे तेथे तिला हात लावणार नाही, अशी भूमिका घेणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचे अब्राहम लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये अध्यक्षपदी निवडून आले, आणि लगेच २० डिसेंबर रोजी दक्षिण कॅरोलायना हे राज्य बाहेर पडले. त्या वेळी देशात सुमारे ४० लाख गुलाम होते, दक्षिण कॅरोलायना आणि मिसिसिपी या दोन राज्यांत तर त्यांची संख्या स्वतंत्र नागरिकांहून अधिक होती, आणि या माणसांची 'मालमत्ता' म्हणून होणारी किंमत देशातील रेल्वे व कारखाने यांत गुंतलेल्या एकत्रित भांडवलापेक्षाही मोठी होती. दक्षिण कॅरोलायनाच्या जाहीरनाम्यातील मुख्य तक्रार अशी की, पळून आलेले गुलाम उत्तरेकडील राज्ये परत करत नाहीत, त्यांना परत धाडण्याचा मध्यवर्ती कायदा आपल्या स्थानिक कायद्यांनी निष्प्रभ करतात, आणि न्यूयॉर्कच्या न्यायालयांनी तर गुलामांना सोबत घेऊन त्या राज्यातून नुसते जाण्याचा मालकांचा हक्कही नाकारला आहे. म्हणजे राज्यांचे अधिकार प्रत्यक्षात वापरत होती ती उत्तरेची राज्ये, आणि त्यांच्यावर मध्यवर्ती सत्तेचा बडगा उगारला जावा ही मागणी होती दक्षिणेची. मिसिसिपीच्या जाहीरनाम्याने तर आपले हित गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित असल्याचे प्रारंभीच सांगून टाकले.

महासंघाची राज्यघटना पाहिली तर हा प्रश्न आणखी स्पष्ट होतो. ती बरीचशी अमेरिकेच्या घटनेवरूनच उतरवलेली होती, पण गुलामांवरील मालकीहक्काला बाधा आणणारा कोणताही कायदा महासंघाच्या संसदेला करता येणार नाही, नव्याने मिळणाऱ्या प्रत्येक प्रदेशात गुलामगिरीला संरक्षण राहील आणि नागरिकांना आपले गुलाम घेऊन कोणत्याही घटक राज्यात जाता येईल, अशी कलमे तिच्यात मुद्दाम घातलेली होती. घटक राज्याला या एका विषयात निराळा विचार करण्याची मोकळीक ठेवण्याकडे, राज्यांच्या अधिकारांचे नाव घेणाऱ्या घटनाकारांचा कल दिसत नाही. उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथे केलेल्या भाषणात काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि दास्य हीच त्याची स्वाभाविक अवस्था आहे, या समजुतीला नव्या राज्याची कोनशिला ठरवले. हेच स्टीफन्स युद्धात हरल्यानंतर जाडजूड ग्रंथ लिहून सांगू लागले की, वाद होता तो संघराज्याच्या स्वरूपाचा. गुलामगिरी हे केवळ निमित्त.

उत्तरेचे चित्रही मात्र स्वच्छ नव्हते, आणि दक्षिणेच्या समर्थकांना त्यातून आधार मिळत राहिला. १२ एप्रिल १८६१ रोजी महासंघाने दक्षिण कॅरोलायनातील सम्टर किल्ल्यावर केलेल्या तोफांच्या भडिमाराने युद्ध पेटले तेव्हा लिंकन यांचे घोषित उद्दिष्ट संघराज्य टिकवणे एवढेच होते. मेरिलँड, डेलावेअर, केंटकी व मिसूरी ही गुलामगिरी पाळणारी चार राज्ये त्यांच्याच बाजूला होती आणि ती दुखावणे परवडणारे नव्हते. एप्रिल १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधील गुलाम मुक्त करण्यात आले तेव्हा नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, वर्षानुवर्षे बिनमजुरी राबलेल्यांना नव्हे. १ जानेवारी १८६३ च्या मुक्तिघोषणेतूनही ही चार राज्ये वगळलेली होती. तरी युद्धाची दिशा बदलली, आणि ती बदलण्यात पहिला वाटा खुद्द गुलामांचा होता. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील मन्रो किल्ल्यात, जो उत्तरेच्या सैन्याच्या ताब्यात होता, तीन गुलाम पळून आले. महासंघाच्या तोफखान्याची तटबंदी बांधण्याच्या कामाला त्यांना जुंपलेले होते. मालकाच्या वतीने त्यांना परत मागण्यात आले असता, पेशाने वकील असलेले सेनापती बेंजामिन बटलर यांनी असे उत्तर दिले की, व्हर्जिनिया स्वतःला परके राष्ट्र म्हणवते, तेव्हा अमेरिकेचा पळपुट्या गुलामांचा कायदा तिला लागू कसा करावा. शिवाय शत्रूच्या लष्करी कामात वापरली जाणारी मालमत्ता जप्त करता येते. माणसाला मालमत्ता मानणाऱ्या युक्तिवादानेच माणसे सुटली, हा त्या काळातील विरळा न्याय म्हणावा लागेल. पुढे हजारोंच्या संख्येने गुलाम उत्तरेच्या छावण्यांकडे निघाले, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय पुरुष उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले.

९ एप्रिल १८६५ रोजी महासंघाचे सेनापती रॉबर्ट ली यांनी शरणागती पत्करली, सहाच दिवसांनी लिंकन यांचा खून होऊन अंत झाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी देशभर बंद केली. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरी करवून घेण्याचा अपवाद मात्र तिच्यात राहिला. रणांगणावर निकाल लागला तरी लेखणीचे युद्ध रिचमंडमध्ये लगेचच सुरू झाले. १८६६ साली येथील एक वृत्तपत्र संपादक एडवर्ड पोलार्ड यांनी 'द लॉस्ट कॉज' या नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि दक्षिणेचा पक्ष उदात्त होता, केवळ मनुष्यबळ व साधने कमी पडल्याने तो हरला, या विचारसरणीला त्या ग्रंथाचेच नाव मिळाले. हरलेल्या पक्षाने आपला इतिहास इतक्या यशस्वीपणे प्रचलित केल्याची उदाहरणे जगात फार नसावीत.

मराठी वाचकाला या टप्प्याची ओळख दोन वाटांनी आहे. युद्धाने अमेरिकन कापूस बंद पडला तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली, कापसाचे भाव चढले, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या काळात शेअरचा सट्टा माजला आणि लीच्या शरणागतीची बातमी येताच तो कोसळला. दुसरी वाट अधिक महत्त्वाची. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्याग करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. मुक्तीचे ते कार्य त्याच वर्षी दक्षिणेत मोडून काढले जात होते. एप्रिलमध्ये लुइझियाना राज्यातील कोलफॅक्स या गावी गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कित्येक डझन कृष्णवर्णीयांची कत्तल केली, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने आरोपींवरील दोषसिद्धी टिकू दिली नाही. १८७७ मध्ये दक्षिणेतील राज्य सरकारांच्या पाठीशी असलेले मध्यवर्ती सैन्य मागे घेण्यात आले आणि मुक्त झालेल्यांच्या राजकीय हक्कांचे संरक्षण जवळपास संपले.

रिचमंडमधील महासंघाच्या नेत्यांचे पुतळे या नंतरच्या काळातले होते, युद्धकाळातले नव्हते. मॉन्युमेंट ॲव्हेन्यू या रुंद रस्त्यावर लीचा अश्वारूढ पुतळा १८९० मध्ये, डेव्हिस व घोडदळाचे सेनानी स्ट्युअर्ट यांचे १९०७ मध्ये, सेनापती 'स्टोनवॉल' जॅक्सन यांचा १९१९ मध्ये, तर नौदलातील शास्त्रज्ञ मॉरी यांचा १९२९ मध्ये उभा राहिला. याच पुतळ्यांच्या दरम्यान, १९०२ मध्ये, व्हर्जिनियाने नवी राज्यघटना करून मतदानावर डोईपट्टी आणि घटनेचा अर्थ सांगण्याची परीक्षा लादली, आणि कृष्णवर्णीय मतदार यादीतून जवळजवळ हद्दपार झाले. दोन्ही गोष्टी करणारा वर्ग एकच होता, हे ध्यानात घेतले म्हणजे पुतळा हे केवळ मृतांचे स्मारक होते हा दावा टिकत नाही. २०२० च्या वर्णद्वेषविरोधी आंदोलनात डेव्हिसचा पुतळा जमावाने पाडला, नगरपालिकेने बाकीचे उतरवले आणि ८ सप्टेंबर २०२१ रोजी लीचा पुतळाही राज्य सरकारने खाली घेतला. त्या रस्त्यावर आता याच शहरात जन्मलेले कृष्णवर्णीय टेनिसपटू आर्थर ॲश यांचा १९९६ मधील पुतळा उभा आहे.

सुट्ट्यांच्या यादीतही हाच झगडा दिसतो. १९८४ पासून २००० पर्यंत व्हर्जिनियात ली, जॅक्सन आणि मार्टिन ल्यूथर किंग या तिघांच्या नावे जानेवारीत एकच सार्वजनिक सुट्टी पाळली जात असे. पुढे ती विभागली गेली आणि २०२० मध्ये सेनापतींची सुट्टी रद्द करून तिच्या जागी निवडणुकीच्या दिवसाची सुट्टी आली. अलाबामा व मिसिसिपी या राज्यांनी मात्र जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी किंग आणि ली यांची जयंती एकत्र साजरी करण्याची प्रथा अद्याप सोडलेली नाही.