रेंज कुठे येते, तिथे शाळा

२०२० च्या पावसाळ्यात कोकणातल्या कणकवली तालुक्यातली पशुवैद्यकशास्त्राची एक विद्यार्थिनी कोरोनामुळे ऑनलाइन झालेल्या तासांसाठी रोज डोंगर चढायची. गावात रेंज नव्हती, वर येत होती. आधी छत्री धरून अभ्यास, मग भावांनी तिथेच छोटी झोपडी बांधून दिली. बातम्या आल्यावर इंटरनेटची जोडणी घरी पोहोचली. मुलांना तंत्रज्ञान नको असतं, असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी!

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळाने मालवण-देवगड किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे केले. वीज नाही, मोबाइलचे टॉवर बंद. तोंडावर आलेलं नवीन शालेय वर्षही ऑनलाइनच सुरू होणार होतं.

शिक्षकांचा उत्साहही कमी नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की धड्याचा व्हिडिओ किंवा कविता मोबाइलवर सुरू. पुढे राज्याच्या पुस्तकांतही हे कोड आले. डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला आणि १० लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

स्थापनेपासून दहावीच्या निकालात सातत्याने अव्वल राहिलेल्या कोकण मंडळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे आहेत. इथल्या मुलांची जिद्द वादातीत आहे. पण नुसती जिद्द पुरत नाही; स्मार्ट टीव्ही भिंतीवर लावण्याआधी शाळेला पावसाळ्यातही टिकणारी वीज आणि रेंज मिळायला हवी.