रस्त्याचं ठरतं कधी, आणि आपण बोलायचं कधी?



आपला अंबाडी नाका तुम्हाला सांगायला नको. भिवंडीकडून वाड्याकडे जाणारा रस्ता आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे फुटणारा रस्ता इथेच मिळतात. गोदामांचे ट्रक, कंटेनर, एसटी, सहा आसनी रिक्षा, वज्रेश्वरीला निघालेले भाविक, शाळेची पोरं आणि डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली बाई, सगळ्यांना तिथूनच जायचं असतं. थांबा कुठे हवा, झेब्रा पट्टे कुठे मारायचे, बस किती वाजता सोडायची, हे कोणीतरी ठरवतं. ठरल्यावर आपल्याला कळतं, आणि मग आपण म्हणतो, "आम्हाला कोणी विचारलंच नाही."

विचारायची सोय मात्र बऱ्याच ठिकाणी कायद्यातच आहे. अडचण इतकीच, की ती ठराविक दिवसांपुरती असते. भाकरी तव्यावर आहे तोवरच फिरवता येते. म्हणून आज बोलूया, ही वेळ कोणती आणि ती कशी ओळखायची.

आधी नियमांचं बघू. गाड्यांचे आणि वाहतुकीचे नियम मोटार वाहन कायदा १९८८ खाली होतात. त्या कायद्याच्या कलम २१२ मध्ये म्हटलंय, की नियम करण्याआधी त्याचा मसुदा प्रसिद्ध केला पाहिजे. मसुदा म्हणजे कच्चा कागद. तो राजपत्रात छापतात, सोबत एक तारीख देतात आणि सांगतात, या तारखेपर्यंत कोणाच्या हरकती किंवा सूचना असतील तर कळवा. मुदतीत आलेल्या हरकतींचा विचार करणं त्या खात्यावर बंधनकारक असतं. मगच पक्का नियम येतो.

एक उदाहरण घ्या. लहान लेकराला दुचाकीवर नेताना काय काळजी घ्यायची, याचा मसुदा केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काढला आणि हरकती मागवल्या. पक्का नियम १५ फेब्रुवारी २०२२ ला निघाला. त्यात आलं, की चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. लागू व्हायला आणखी एक वर्ष दिलं. हरकतींच्या मुदतीत देशातली कोणतीही आई लिहू शकत होती, की इतक्या लहान मापाचं हेल्मेट आमच्या बाजारात मिळत नाही, त्याची सोय आधी करा. त्यासाठी वकील लागत नव्हता. साधा अर्ज पुरला असता.

आता आराखड्याचं बघू. मोठे रस्ते कुठून जाणार, गोदामांना जागा कुठली, शेती कुठे राहणार, हे प्रादेशिक योजनेत ठरतं. मुंबई महानगर प्रदेशाची २०१६ ते २०३६ ची योजना एमएमआरडीएने तयार केली. भिवंडी परिसर त्यातच येतो. तिचं प्रारूप २०१६ मध्ये लोकांपुढे ठेवलं, हरकती मागवल्या आणि सरकारची मंजुरी आली २०२१ मध्ये. १९६६ च्या नगररचना कायद्यात अशा प्रादेशिक योजनेवर हरकती द्यायला किमान चार महिने ठेवलेत. चार महिने पुष्कळ वाटतात. पण नकाशा गावात कोणी बघितलाच नाही, तर चार महिने काय आणि चार दिवस काय! असा नकाशा निघाल्याचं कानावर आलं, की पहिलं काम म्हणजे ग्रामपंचायतीत विचारायचं, "आपल्या गावाचं पान कुठाय?" आपली वाट, आपली विहीर, आपली स्मशानभूमी त्या पानावर शोधायची.

त्याहून जवळचं म्हणजे गावरस्ता. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. तिच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक फार चांगली गोष्ट आहे. रस्त्याची आखणी पक्की करण्याआधी इंजिनिअरने गावकऱ्यांसोबत त्या वाटेवरून पायी फिरायचं. आपण त्याला शिवारफेरी म्हणू. सोबत सरपंच, तलाठी असतात. महिला सदस्यांना आणि बचत गटाच्या प्रतिनिधींनाही घ्यावं, असं त्यात म्हटलंय. कोणाचं शेत जातंय, कुठे झाड आहे, पावसाळ्यात पाणी कुठे साचतं, हे चालता चालता सांगायचं. ते लिहून घेतात, ग्रामसभेत मंजूर करतात आणि तो कागद रस्त्याच्या प्रस्तावाला जोडतात.

या फेरीत बायका का हव्यात? पुरुष गाडीवरून रस्ता बघतो. बाई चालत बघते. मोरी कुठे तुंबते, हंडा घेऊन कुठे पाय घसरतो, दिवस भरलेल्या बाईला नेताना गाडी कुठे अडते, अंधारात कोणत्या वळणावर भीती वाटते, हे तिलाच ठाऊक असतं. ती फेरीत नसेल, तर हे कागदावर येत नाही. मोरी कागदावर नसली, की ती रस्त्यावरही येत नाही.

तिसरी जागा शाळेची. आपल्या राज्यात शाळेच्या बसचे नियम २०११ मध्ये झाले. त्यानुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. मुख्याध्यापक तिचे प्रमुख आणि पालकांचा प्रतिनिधी तिचा सदस्य असतो. बसचे थांबे आणि भाडं हे या समितीचे विषय आहेत. पुढच्या पालकसभेत एवढंच विचारा, "आपल्या शाळेची परिवहन समिती कधी बसली? पालकांकडून कोण आहे?" उत्तर आलं नाही, तर तुमच्यातल्याच एकीचं नाव सुचवा.

चौथी एसटी. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे. पण बसच वेळेवर नसेल, तर अर्ध्या तिकिटाचा काय उपयोग? फेरीची वेळ आणि थांबा याचं निवेदन आगार व्यवस्थापकाला द्यायचं. आपल्या रस्त्यावर भिवंडी आणि वाडा ही दोन आगारं येतात. शिवाय जुलै २०२४ पासून एसटीने 'प्रवासी राजा दिन' सुरू केला. त्यात विभाग नियंत्रक आगारात येऊन प्रवाशांचं ऐकतात. कोणत्या दिवशी येणार, ते आगारात विचारून ठेवा.

आता निवेदन लिहायचं कसं? "रस्ता खराब आहे, बसची सोय करा" एवढ्यावर काही हलत नाही. चार गोष्टी लिहा. कुठे, कधी, किती जणांना त्रास होतो आणि आम्हाला नेमकं काय हवं. समजा असं: "सकाळी सातची बस नाक्यावर थांबत नाही. आमच्या पाड्यावरच्या बारा मुली त्या बसने शाळेत जातात. बस नाक्यावर थांबवावी किंवा पावणेसातला सोडावी." आकडे आपणच मोजायचे. गटाच्या बैठकीत एका वहीत आठवडाभर नोंद ठेवली, तरी पुरे.

पत्र योग्य दाराशी गेलं पाहिजे. गावातली गल्ली ग्रामपंचायतीची. गावांना जोडणारे बरेचसे रस्ते जिल्हा परिषदेचे. भिवंडी-वाडा रस्ता राज्य मार्ग, त्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभाग. रिक्षा आणि परवाने परिवहन कार्यालयाचे. मसुद्यावरची हरकत मात्र जाहिरातीत दिलेल्या पत्त्यावर, दिलेल्या तारखेच्या आतच पाठवायची. एका दिवसाने उशीर झाला, तर ती विचारात घेण्याचं बंधन राहत नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेची पोच घ्यायला विसरू नका.

एकटीचं पत्र चालतंच, पण ठरावाला वजन जास्त. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असं आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. ही सभा नुसती सह्यांपुरती होऊ देऊ नका. रस्त्याचा, थांब्याचा, दिव्याचा विषय तिथे मांडा, ठराव लिहून घ्या, पुढे ग्रामसभेत वाचायला लावा.

पत्राचं काय झालं, ते कळेना झालं तर माहिती अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला ते दहा रुपयेही लागत नाहीत. विचारायचं एवढंच, "आमच्या अमुक तारखेच्या हरकतीवर काय निर्णय झाला, त्या कागदाची प्रत द्या."

एक गोष्ट मात्र खरी सांगते. हरकत दिली म्हणजे ती मान्य होतेच, असं नाही. विचार करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, मान्य करणं नाही. कधी शिवारफेरी कागदावरच उरकतात, कधी जाहिरात आपण न वाचणाऱ्या पेपरात येते. पण न दिलेली हरकत तर कधीच मान्य होत नाही. आणि उद्या भांडायची वेळ आली, कोर्टात जायची वेळ आली, तर हातात पोच असलेल्या बाईला "तुम्ही तेव्हा का नाही बोललात?" असं कोणी विचारू शकत नाही.

तर या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की दहा मिनिटं जास्त बसा. दोन कामं ठरवा. आठवड्यातून एकदा ग्रामपंचायतीचा फलक कोण वाचणार आणि वहीत नोंद कोण ठेवणार. वाचता येणारी एक, चालता-मोजता येणारी एक. सुरुवातीला एवढ्या दोघी पुरतात.