चंद्रावर भात तरंगेल का?

मी कला शाखेचा विद्यार्थी. दहावीनंतर विज्ञानाशी आपला संबंध संपला, असे समजून चाललो होतो. परंतु गेल्या जूनमध्ये घरी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकताना धाकट्या बहिणीने एक प्रश्न विचारला आणि माझी पंचाईत झाली.

आमच्याकडे तरवा पेरण्यापूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बियाणे ओततात. भरलेले दाणे तळाशी बसतात, पोचट वर येतात. वर आलेले काढून टाकायचे. आजीच्या हे जिवावर येते. एका वर्षी तिने ते दाणे हळूच परत बियाण्यात मिसळले. तरवा विरळ उगवला आणि लावणीला शेजाऱ्यांकडे रोपे मागावी लागली. तेव्हापासून वडील बादलीपाशी स्वतः बसतात.

बहीण म्हणाली, "दादा, चंद्रावर सगळंच हलकं ना? मग तिथे सगळं भात तरंगेल?"

मी ऐटीत 'हो' म्हणालो. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच. 'ठाऊक नाही' म्हणणे जड गेले. उत्तर साफ चुकले होते.

दाण्याचे वजन त्याला खाली ओढते. उलट, दाण्याने जेवढे पाणी बाजूला सारले, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा त्याला वर ढकलतो. आर्किमिडीजने हे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सांगितले. चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश. तेथे दाण्याचे वजन घटेल खरे, पण पाण्याचेही त्याच प्रमाणात घटेल. तागडीच्या दोन्ही पारड्यांत सहावा हिस्साच ठेवला, तर ती कलणार कशी? निकाल लागतो तो घनतेवर. मीठ पाण्याची घनता वाढवते, एवढेच त्याचे काम. चंद्रावर भरलेला दाणा बुडेलच, फक्त सावकाश. (बादली मात्र हवाबंद खोलीत हवी, उघड्यावर पाणी टिकणार नाही.) अंतराळस्थानकात गोष्ट निराळी. तेथे वजनच जाणवत नसल्याने पाण्यातला बुडबुडासुद्धा वर जात नाही. 'वर' असे काही उरतच नाही.

याहून गंमत शनीच्या टायटन या चंद्रावर. ह्युजेन्स यान जानेवारी २००५ मध्ये तेथे उतरले. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक सप्तमांश, आणि सरोवरे द्रवरूप मिथेन व इथेनची. आपल्या पाण्यावर तरंगणारा बर्फ, सलग तुकडा असेल तर, तेथे तळ गाठेल. कारण ते द्रव बर्फाहून विरळ आहेत.

खुद्द शनी पाण्यावर तरंगेल, असे पुष्कळ पुस्तकांत असते. त्याची घनता पाण्याच्या ०.६९ पट आहे, पण ती सरासरी! गाभ्याकडे ती पाण्याहून कितीतरी जास्त आहे. शिवाय हायड्रोजन-हेलियमचा तो सुमारे एक लाख वीस हजार किलोमीटर रुंदीचा गोळा चेंडूसारखा पाण्यावर बसेल कसा?

दिवाळीच्या सुट्टीत मी बहिणीपुढे चूक कबूल केली. ती जरा विचार करून म्हणाली, "म्हणजे आजीचे दाणे तिथेही पोचटच."

आजी चुलीपाशीच होती. तिने ऐकले, पण काही बोलली नाही.