धरणाच्या पोटातला धागा

पवनी तालुक्यात वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. दरवाजे ३३ आणि लांबी ११ किलोमीटरहून अधिक. एवढ्या लांबीत ताण कुठे वाढतो, पाणी कुठे झिरपते, हे नुसत्या डोळ्यांना वेळेवर कळत नाही. म्हणून मोठ्या धरणांच्या पोटात बांधतानाच संवेदक पुरतात.

जुनी रीत तारेची. नळीत ताणलेली पोलादी तार काँक्रीटमध्ये बसवतात. काँक्रीट आकसले की तार सैलावते आणि छेडल्यावर तंबोऱ्याच्या तारेसारखा तिचा स्वर उतरतो. काँक्रीट ताणले की चढतो. विद्युतचुंबकाने तार छेडून तिची कंपनसंख्या मोजतात.

नवी रीत काचतंतूची. त्याची जाडी जेमतेम ०.१२५ मिलिमीटर. त्यात सोडलेल्या प्रकाशाचा किंचित अंश वाटेतल्या प्रत्येक बिंदूवरून परततो. परतीच्या वेळेवरून जागा कळते आणि प्रकाशातील बदलावरून तापमान व ताण. मातीच्या भरावात पाणी झिरपू लागले की तिथले तापमान बदलते, आणि गळतीची जागा सापडते.

मात्र ताण मोजणाऱ्या तंतूवर उष्णतेचाही परिणाम होतो. म्हणून शेजारी नळीत एक सैल तंतू ठेवतात. त्याच्यावर ताण येत नाही, तो फक्त तापमान सांगतो. ते वजा केले की खरा ताण हाती येतो.

२०२१च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांवर मापन उपकरणे बंधनकारक केली आहेत. पण उपकरण बसवले म्हणजे काम संपले नाही. नोंदी नेमाने वाचल्या आणि वेळीच दुरुस्ती केली, तरच नदीकाठची गावे सुरक्षित राहतील.