दारातलं शोभेचं गवत आणि वस्तीवरचं कुत्रं



आपल्या कार्यक्षेत्रात गावोगावी नवी घरं झाली. वस्तीवरच्या घरापुढंही आता लॉन दिसतं, तुरे डोलवणारी शोभेची गवतं दिसतात. त्याबरोबर एक शंकाही आली आहे. पाण्यावाचून खुरटलेलं कोवळं कडवळ खाऊन म्हैस दगावते हे आपण जाणतो. मग हे विकतचं गवत चघळून राखणीचं कुत्रं दगावणार नाही ना?

गवतानं सहसा दगावत नाही, असं आमचं उत्तर आहे. कडवळातलं विष रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू झपाट्यानं मोकळं करतात आणि जनावर खातंही पेंढीनं. कुत्रं खातं चार पाती. फाउंटन ग्रास म्हणून जे विकतात ते आपल्या बाजरीचं आणि हत्तीगवताचंच भाऊबंद. हरळीचंही भय नाही. गवती चहा जास्त खाल्ला तर पोट बिघडेल, एवढंच. गवत खाऊन कुत्रं ओकलं की घरातली माणसं घाबरतात. अमेरिकेत डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २००८ साली दीड हजारांवर कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेतली. गवत खाण्याआधी आजारी दिसणारी शंभरात ९ निघाली आणि खाऊन नेहमी ओकणारी २२. म्हणजे गवत खाणं ही कुत्र्याची सवयच म्हणायची.

खरा वैरी दारात नाही, माळावर आहे. कुसळी गवत! म्हणीतलं डोळ्यातलं कुसळ कुणी मनावर घेत नाही, पण कुत्र्याच्या अंगातलं घ्यावं. या कुसळाचं टोक सुईसारखं आणि त्यावरचे बारीक केस उलटे असतात, त्यामुळं ते पुढंच सरकतं, मागं येत नाही. शेपटी ओलाव्यानं पिळा सोडते आणि वाळली की परत पिळते. बी जमिनीत रुतावं म्हणून निसर्गानं केलेली ही सोय, पण ती कातड्यावरही तशीच चालते. बोटांच्या बेचक्यात शिरलेलं कुसळ पायात वर चढतं, गाठ येते, पू होतो. नाकातून गेलेलं फुफ्फुसापर्यंत पोचू शकतं.

पावसाळा सरून कुसळं वाळली की रोज सांजच्याला कुत्र्याचे पाय, कान, काखा चाचपून बघा. एकसारखं डोकं झाडणं, शिंकांवर शिंका, एकच पंजा चाटत बसणं, ही लक्षणं दिसली तर डॉक्टरांकडं न्या. कानात खोल गेलेलं घरी चिमट्यानं ओढू नका, तुकडा आत राहतो. वस्तीभोवतीचं गवत तुरा धरण्याआधीच कापलेलं बरं.

आणखी एक. गवत निर्दोष असलं तरी त्यावर काय टाकलं ते बघा. फोरेटचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला, पण जुना डबा कुणाच्या माळ्यावर पडून असेल तर कुंडीत चिमूटभरही टाकू नका. पायाला लागलेलं औषध कुत्रं चाटतं. लाळ गळू लागली, अंग थरथरलं, तर डब्यासकट दवाखाना गाठा. तणनाशक मारलं तर गवत पुरतं वाळेपर्यंत कुत्रं बांधून ठेवा.

लॉनच्या कडेला हौसेनं लावलेला सायकस मात्र आम्ही काढायलाच सांगू. दिसतो लहान पामसारखा, पण त्याचं बी कुत्र्याचं यकृत निकामी करतं. एकदोन बियाही पुरतात.