केआगेचा दुसरा दगड

क्योतोच्या पूर्व कडेला केआगे नावाचा चढ आहे. बिवा सरोवरातून बोगद्यांमधून आणलेलं पाणी इथे शहरात उतरतं. या कालव्याचा अभियंता तानाबे साकुरो याचा पुतळा इथे उभा आहे, आणि त्याच परिसरात बांधकामात मेलेल्या 17 जणांचं दगडी स्मारक आहे, तानाबेनेच 1902 मध्ये पदरच्या पैशाने उभारलेलं. पुतळ्यामागची हकिगत बहुतेकांना ठाऊक असते: राजधानी तोक्योला गेल्यावर खंगलेलं शहर, गव्हर्नर कितागाकी कुनिमिचीचा आग्रह, पदवीच्या प्रबंधात हाच कालवा मांडणारा विशीतला तरुण, 1885 ते 1890 चं बांधकाम, 2,436 मीटरचा पहिला बोगदा आणि 1891 पासून त्याच पाण्यावर चाललेलं वीजघर. स्मारकातल्या 17 जणांबद्दल असं घडाघडा कुणी सांगत नाही. शिक्षकाला फेलोशिप द्यायची ती विद्यार्थ्यांना या दुसऱ्या दगडापर्यंत नेण्याची रीत शिकण्यासाठी, असं माझं ठाम मत आहे.

अशा फेलोशिपा आहेत. सेवेतल्या परदेशी शिक्षकांना जपान सरकार सुमारे दीड वर्षाची शिष्यवृत्ती देतं. भारतातले शिक्षकही तिला अर्ज करतात. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या फोर्ट स्कॉट गावी लोवेल मिल्कन केंद्र 2007 पासून आहे. उपेक्षित नायकांवर विद्यार्थ्यांकडून संशोधन करून घेणाऱ्या शिक्षकांना तिथली फेलोशिप मिळते. तिचं मूळ युनियनटाउनच्या शाळेत आहे. 1999 मध्ये नॉर्म कोनार्ड या शिक्षकाने विद्यार्थिनींच्या हाती एक जुनं कात्रण दिलं. वॉर्सातल्या इरेना सेंडलरने नाझींपासून अडीच हजार ज्यू मुलं वाचवली, असं त्यात होतं. आकडा बहुधा चुकून छापला असेल, तुम्हीच तपासा, असं तो म्हणाला. त्या मुली शोधत गेल्या तेव्हा इरेना हयात असल्याचं त्यांना कळलं. या साऱ्यात मला सर्वात मोलाची वाटते ती शिक्षकाची शंका. ‘ही थोर बाई, हिच्यावर निबंध लिहा’ असं तो म्हणाला असता, तर शाळेला एक भाषण मिळालं असतं आणि शोध राहून गेला असता.

हीच शंका केआगेला लावून पाहू. 17 हा आकडा कुणी मोजला? त्यात कंत्राटदाराकडची माणसं धरली होती का? आजारपणाने गेलेले? पहिल्या बोगद्यासाठी डोंगरावरून 47 मीटर खोल उभी विहीर खणली आणि तिच्या तळातून दोन्ही दिशांना खोदकाम झालं. त्या विहिरीत पाणी उपसायला कोण उतरत होतं? क्योतो प्रीफेक्चरचं जुनं सरकारी दप्तर रेकिसाइकान या अभिलेखागारात आहे आणि कालव्याचं संग्रहालय 1989 पासून जवळच उभं आहे. पंधरा वर्षांच्या मुलांना मेइजी काळातलं हस्ताक्षर सहज लागणार नाही, हे खरं. पण तिथे मदत कुणाकडे मागायची, छायाचित्रातला माणूस आणि कागदावरची नोंद कशी ताडून पाहायची, एकच आकडा दोन कागदांत वेगळा निघाला तर काय करायचं, हे शिक्षकाला यायला हवं. त्यासाठीच त्याला वर्गाबाहेर वेळ लागतो.

यावर एक आक्षेप मला वजनदार वाटतो. अपघातात मेलेला मजूर नायक कसा? सेंडलरने जाणूनबुजून जीव धोक्यात घातला. मजूर पोटासाठी बोगद्यात शिरला. स्मारकावरच्या लेखात त्याच्या मरणाला बलिदान मानलं आहे आणि हजारो घरांवर झालेल्या उपकाराची आठवण ठेवली आहे. हे शब्द मात्र मागे उरलेल्यांचे. तेव्हा नायकपद फुकट वाटू नये, हे मान्य. पण या शोधाचं काम पदवी वाटण्याचं नसून श्रेयाचा हिशेब दुरुस्त करण्याचं आहे. तानाबेची बुद्धी त्याने कमी होत नाही. ती दगडात कुणाच्या हातांनी उतरली, एवढं कळतं. आणि मजुराला संत बनवण्याचा मोह झालाच, तर आवरायला तीच कागदपत्रं असतात.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. क्योतोतल्याच होरिकावा या महापालिकेच्या हायस्कुलाने 1999 मध्ये शोधाधारित शिक्षणाचा स्वतंत्र विभाग काढला. 2002 मध्ये त्याची पहिली तुकडी बाहेर पडली, आणि शासकीय विद्यापीठांत प्रवेश मिळवणाऱ्यांची संख्या एका वर्षात 6 वरून 106 झाली. त्या विभागात निवडून घेतलेली मुलं होती, म्हणून सगळं श्रेय पद्धतीला देता येणार नाही. पण शोध घेणारी मुलं परीक्षेत मागे पडतात, असंही यापुढे म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रातून गेलेल्या शिक्षकाने परत येऊन तानाबेची गोष्ट सांगत बसू नये. आपल्याकडे बोरघाट आहे. 1856 ते 1863 या काळात तिथे रेल्वेमार्ग बांधला गेला, 1861 मध्ये कामावर 40 हजारांहून अधिक माणसं होती. अभियंता जेम्स बर्कलीचं नाव पुस्तकांत आहे. कंत्राटदार सोलोमन ट्रेडवेल वारल्यावर काम पुढे नेणाऱ्या त्याच्या पत्नीचं, ॲलिसचं, नाव क्वचित निघतं. मजुरांची नावं कुठे आहेत? मृतांचे आकडे पुस्तकागणिक बदलतात. 1859 मध्ये घाटातल्या मजुरांनी दंगा केला. तो का झाला, त्यांची मजुरी कोण थकवत होतं, त्यांची बाजू कुणी लिहून घेतली का, इथून कर्जत-खोपोलीच्या नववीच्या वर्गाला सुरुवात करता येईल. त्या काळचं मुंबई सरकारचं दप्तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहे, लोकलने दोन-अडीच तासांवर.